खिळ्यांच्या फळीवरचे आलेख

नववीत असताना दिवाळीनंतर मला ताप आला. तो बरेच दिवस राहिला, आणि उतरला तेव्हा माझी नजर घेऊन गेला. एकदम नाही. आधी पुस्तकातली अक्षरं पुसट झाली, मग आईचा चेहरा, मग ताटातली भाकरी. संक्रांतीपर्यंत फक्त उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आधी नगरला नेलं आणि नंतर पुण्याला. पुण्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि डोळ्यांमागची नस सुकली आहे, चष्म्याचा किंवा ऑपरेशनचा काही उपयोग नाही, असं शांतपणे सांगून टाकलं.  परतताना राहुरीच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा आबांनी विचारलं, "उसाचा रस पितीस का?" मला नको होता. पण त्यांना माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं हे मला कळलं, म्हणून मी हो म्हटलं.

आमचं घर कोल्हारला, नगर-मनमाड रस्ता आणि प्रवरा यांच्या मध्ये. थोडा ऊस, थोडा गहू, एक बैलजोडी. शाळा रस्त्याच्या पलीकडे होती, आणि आईच्या दृष्टीनं तिथंच सगळं संपलं. "त्या रस्त्यानं ट्रका काय थोड्या जात्यात? धडधाकट मानसं चिरडत्यात. ही कशी जाईल?" हे तिचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. कारखाना सुरू झाला की त्या रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि ट्रक यांची रांग लागायची. मी घरात बसले. शेंगा फोडल्या, लसूण सोलला, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसले.

शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण मात्र रोज संध्याकाळी यायला लागली. तिचे वडील साखर कारखान्यात कामगार होते. त्यांच्या वस्तीतल्या घरांनी बौद्ध धम्म घेतलेला होता, आणि वडिलांनी आपल्या मुलींना एकच गोष्ट सांगून ठेवली होती, शिका. ती यायची, ओसरीच्या पायरीवर बसायची आणि दिवसभरात शाळेत झालेलं सगळं मला वाचून दाखवायची. तोवर त्यांच्या वस्तीतलं कुणी आमच्या ओसरीवर बसलेलं नव्हतं. पण ती आजारी मुलीला पुस्तक वाचून दाखवत होती, त्यामुळे तिला ऊठ म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. काही आठवड्यांनी आईनं तिला चहा दिला, वेगळ्या कपात. आणखी काही महिन्यांनी ती पायरीवरून आत चुलीपाशी आली, आणि तो वेगळा कप कुठे गेला हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

इतिहास, मराठी, विज्ञान हे ऐकून लक्षात राहायचं. गणिताचं काय होईल याची मला धास्ती होती, कारण तोच माझा आवडता विषय होता. पण मैत्रिणीनं बीजगणितातलं एक उदाहरण वाचलं आणि मी ते मनातल्या मनात सोडवून उत्तर सांगितलं. तिनं पुस्तकाच्या मागचं पान उघडून पाहिलं. "आगं, बरोबर हाय!" ती इतक्या जोरात ओरडली की गोठ्यातला बैल उठला. त्यानंतर आम्ही रोज गणितानंच सुरुवात करायला लागलो.

एप्रिलमध्ये हेडमास्तरांनी मला शाळेत बोलावून तोंडी परीक्षा घेतली आणि वर चढवलं. मला शाळेत पाठवणार का, ते आईनं जून उजाडेपर्यंत सांगितलं नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मी सोडीन आन् मीच आनीन. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची न्हाई." त्या दिवसापासून ती भाकऱ्या थापून, हात धुऊन, तसाच ओला हात माझ्या हातात देऊन मला रस्ता ओलांडून द्यायची. पाऊस असो, सुगी असो, तिचा खाडा झाला नाही.

दहावीला आम्हाला गणिताचे नवे सर आले. ते पाथर्डी तालुक्यातले, तिसगावच्या बाजूचे. पहिलीच नोकरी. आवाज बारीक, आणि खडू इतका दाबून धरायचे की तो दर तासाला मोडायचा. मोडल्याचा आवाज मला पहिल्या बाकावर स्पष्ट यायचा. त्यांची एक सवय होती. फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, "ह्यातून हे वजा केलं की हे उरतं." बाकीच्यांना ते पुरायचं. मला त्यातलं काहीच कळायचं नाही. दोन-तीन दिवस मैत्रिणीनं कानात सांगितलं. मग एकदा मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, हे म्हणजे काय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि त्या दिवसापासून त्यांनी फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणायला सुरुवात केली. नंतर वर्गातली पोरंच मला सांगायची की सर आता बोलतात त्यामुळे आम्हालाही जास्त कळतं.

दिवाळीच्या थोडं आधी एकसामयिक समीकरणं आली. क्ष आणि य अशा दोन अज्ञात संख्या, आणि त्यांना बांधणारी दोन समीकरणं. एका समीकरणातून एक अज्ञात घालवायचा, दुसरा काढायचा. हे मला सहज जमत होतं, पोरांच्या आधी माझं उत्तर तयार असायचं. मग पुढचा धडा आला: हीच समीकरणं आलेख काढून सोडवणं. सरांनी सगळ्यांना चौकटीचे कागद आणायला सांगितले. त्या तासाला माझ्याभोवती सगळीकडे कागदांची सळसळ, पट्ट्यांचे आवाज, पेन्सिली. सर बोलत होते, अक्ष, आरंभबिंदू, हा बिंदू, तो बिंदू, आता जोडा. मला शब्द ऐकू येत होते. चित्र मात्र काही केल्या उभं राहत नव्हतं.

तास संपल्यावर सर माझ्या बाकापाशी आले. "हे बघ," ते म्हणाले आणि अडखळले. 'बघ' म्हटल्याचं त्यांनाच खटकलं. "हा धडा तू सोडून दे. एवढा एक प्रश्न गेला तरी तुझं काही अडणार नाही. बाकीचं सगळं तुला येतंय."

मी "बरं" म्हटलं. त्यांनी ते मायेनंच सांगितलं होतं, आणि हिशेबानं ते खरंही होतं. पण घरी येईपर्यंत तेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. नजर गेल्यापासून मी खूप काही सोडलं होतं. नदीवर धुणं धुवायला जाणं, टिक्कर खेळणं, एकटीनं दुकानात जाणं. त्याबद्दल मी फार रडले नव्हते. गणित सोडावं लागलं नव्हतं, त्याच जोरावर मी उभी होते. आता त्याच्यातलाही एक तुकडा जाणार होता.

संध्याकाळी मैत्रीण आली तेव्हा मी म्हणाले, "मला काही वाटत नाही त्याचं."

"मंग रडतीस कशाला?" तिनं विचारलं.

तिनं आईकडून परात मागून घेतली, चुलीतली राख चाळून तिच्यात पसरली आणि बोटानं उभ्या-आडव्या रेघा ओढल्या. माझं बोट धरून म्हणाली, "ह्यो क्ष-अक्ष. ह्यो य-अक्ष." पण मी बोट फिरवलं की रेघच पुसली जायची. दुसऱ्यांदा हात लावावा तर तिथं नुसती राख. आम्ही बराच वेळ खटपट केली. शेवटी आईनं परात काढून घेतली, तिला पीठ मळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैत्रीण मला हाताला धरून थेट शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेली. मी दाराशी उभी राहिले. ती आत गेली. तिचा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो.

"सर, तिला आलेख शिकवा."

"कसा शिकवू? आलेख डोळ्यांनी पाहायची गोष्ट आहे."

"ते मला काय म्हाईत? तुमी सर हाय ना?"

आत दुसरे दोघे-तिघे शिक्षक होते, त्यांच्यातलं कुणीतरी खोकलं. मला वाटलं आता हिला छडी बसणार. सर फक्त म्हणाले, "जा, तास सुरू होईल."

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या अंगणात सायकल थांबली. सर होते. सायकलच्या मागे बांधून त्यांनी एक लाकडी फळी आणली होती, साधारण पाटाएवढी, आणि तिच्यात त्यांनी स्वतः उभ्या-आडव्या ओळींत खिळे ठोकले होते. आईनं लगबगीनं घोंगडी अंथरली. सरांनी फळी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "हात फिरव."

मी हात फिरवला आणि पहिल्याच ओळीत बोटाला खिळा लागून रक्त आलं. काही खिळे उंच, काही बुटके, काही वाकडे. दोन ओळींमधलं अंतर कुठे जास्त, कुठे कमी. सरांनी त्यावर सुतळी ताणून रेघ करायचा प्रयत्न केला, ती सैल पडून घसरायची.

आईनं माझं बोट पदरात धरलं. "मास्तर, ह्ये काय आनलंत? पोरीचे हात तेवढे ऱ्हायलेत. ते तरी ऱ्हाऊ द्या."

सर उठायला लागले. ते म्हणाले, "चुकलं माझं. मी घेऊन जातो."

तेव्हा आबा गोठ्यातून आले. त्यांनी फळी उचलून हातात फिरवली. मग म्हणाले, "मास्तर, र्‍हाऊ द्या हितंच. सुताराकडं नेतो." आणि ते लगेच गेले. सुतारानं त्यातले निम्मे खिळे उपटले, फळीवर दोरीनं नीट आखणी केली, गोल डोक्याचे खिळे एकसारखे ठोकले आणि वरून कानस मारली. मध्ये जिथे दोन अक्ष मिळतात तिथे आबांच्या सांगण्यावरून त्यानं डोक्यावर फुली असलेला एक मोठा खिळा बसवला, म्हणजे मला सुरुवात कुठून करायची ते सापडेल. सुतळीच्या ऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या कापायच्या ही सरांची कल्पना. रबर ताणलं की सरळ राहतं, आणि बोट फिरवलं तरी हलत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी सर परत आले. मैत्रीण आधीच येऊन बसली होती. आबा कधी नव्हे ते सकाळी शेतावर न जाता ओसरीवर थांबले होते. सर फळी जुळवत असताना त्यांनी विचारलं, "मास्तर, मला एक सांगा. ह्या दोन रेघा कुठं मिळत्यात ते काढून काय करायचं असतं?"

सरांनी जुळवणं थांबवलं. मग म्हणाले, "समजा एका शेतकऱ्याचा ऊस आणि गहू मिळून पाच एकर आहे."

"बरं."

"आणि ऊस गव्हापेक्षा एक एकर जास्त आहे. तर ऊस किती?"

"तीन," आबा लगेच म्हणाले. "आन् गहू दोन. त्यात काय?"

"तुम्ही ते मनात काढलंत. आता ती तेच बोटांनी काढेल. तिला सांगू नका हं."

"आवो, ऐकलं की तिनं," मैत्रीण म्हणाली, आणि सगळे हसले, सरसुद्धा. मीही हसले. मग सर म्हणाले, "उत्तर माहीत असू दे. ते तिथं कसं येतं ते आपल्याला हवंय."

त्यांनी माझं बोट मोठ्या खिळ्यावर ठेवलं. "उजवीकडे गेलीस की ऊस. तो क्ष. वर गेलीस की गहू. तो य. आता दोन्ही मिळून पाच होतील अशी कुठलीही एक जोडी सांग."

"पाच आणि शून्य."

"तो खिळा शोध." मी उजवीकडे मोजत पाचव्या खिळ्यावर गेले. त्यांनी तिथे रबराचं एक टोक अडकवलं. "दुसरी जोडी?"

"शून्य आणि पाच." मोठ्या खिळ्यापासून सरळ वर, पाचव्या खिळ्यावर. त्यांनी दुसरं टोक तिथे ताणून बसवलं. "आता तिसरी. तपासायला."

"चार आणि एक." मी उजवीकडे चार गेले, एक वर चढले, आणि तिथे खिळ्याला घासून रबर ताणलेलं होतं. मी तीन आणि दोन बघितलं, तिथेही होतं. दोन आणि तीन, तिथेही. मी खिळ्यामागून खिळा तिरकी वर चढत गेले. समीकरणाचा आलेख सरळ रेषा असतो, हे वाक्य मला पाठ होतं. पण पाच होणाऱ्या सगळ्या जोड्या खरोखरच एका ओळीत उभ्या असतात, आणि एकही बाहेर जात नाही, हे मला त्या सकाळी माझ्या बोटांनी सांगितलं.  मी परत खाली आले आणि परत वर गेले.

"पुरे आता, झिजंल ते," मैत्रीण म्हणाली.

मग दुसरं समीकरण, ऊस वजा गहू बरोबर एक. त्याचं रबर खालून वर, उलट्या बाजूला तिरकं गेलं. सर म्हणाले, "आता पहिल्या रबरावर बोट ठेव आणि हळूहळू जा. काही लागलं की थांब."

मी निघाले. चार आणि एक. त्याच्या पुढे सरकले आणि बोट अडलं. दुसरं रबर आडवं आलं होतं, दोन्ही एकाच खिळ्याला टेकलेली. मी तिथं डाव्या हाताचं बोट धरून ठेवलं आणि उजव्या हातानं मोठ्या खिळ्यापासून मोजलं. उजवीकडे तीन, वर दोन.

"तीन एकर ऊस," मी म्हणाले. "दोन एकर गहू."

आईनं आबांना विचारलं, "बरुबर हाय का?"

"व्हय," आबा म्हणाले.  थोड्या वेळानं त्यांच्या चपलांचा आवाज गोठ्याकडे गेला. मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं की ते डोळे पुसत गेले.

फळी शाळेत गेली. मैत्रीण ती डोक्यावर घेऊन यायची. पहिल्या काही दिवसांत तर मधल्या सुट्टीत पोरांची फळीवर झुंबड उडायची. डोळे मिटून बोटांनी उत्तर शोधायचा त्यांनी खेळच केला. त्यांच्यापेक्षा मला लवकर सापडायचं, कारण मला सराव होता, एवढंच. सर वर्गाला जे उदाहरण द्यायचे तेच मला द्यायचे. उणे संख्या आल्या तेव्हा मला फळीचे चारही भाग पाठ करावे लागले, डावीकडे उणे क्ष, खाली उणे य. सुरुवातीला मी फार गोंधळायचे.

एकदा त्यांनी सांगितलं, क्ष अधिक य बरोबर पाच, आणि क्ष अधिक य बरोबर दोन. मी दोन्ही रबरं ताणली आणि एकावरून बोट फिरवत टोकापर्यंत गेले. काहीच लागलं नाही. परत आले, दुसऱ्या बाजूला गेले.

"सर, ह्या मिळत नाहीत."

"फळी लहान आहे म्हणून असेल."

"नाही सर. कितीही मोठी केली तरी नाही मिळणार."

"कशावरून म्हणतेस?"

मी दोन्ही हातांची बोटं दोन्ही रबरांवर ठेवून एकदम सरकवली. "दोन्हींतलं अंतर सगळीकडे सारखंच राहतंय."

सर फळ्याकडे वळले. खडू मोडल्याचा आवाज आला. मग ते वर्गाला समांतर रेषा आणि उकल नसलेली समीकरणं समजावून सांगायला लागले, तिनं आत्ता सांगितलं तसं, असं दर दोन वाक्यांनी म्हणत.

ते नेहमी गोड बोलायचे असं मात्र नाही. एकदा उत्तर खिळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडलं, अडीच आणि दीड. मला ते मनात आधीच आलं होतं, म्हणून मी बोट नुसतं तिथं टेकवून सांगून टाकलं. सरांनी ओळखलं. "बोटानं काढ. डोक्यानं काढलेलं मला नको," ते इतक्या कडकपणे म्हणाले की मी घाबरले. मग मी नखानं दोन्ही बाजूंच्या खिळ्यांपर्यंतचं अंतर चाचपत बसले, आणि खरंच ते चार खिळ्यांच्या बरोबर मधोमध होतं. त्यांनी माझ्यावर दया दाखवली नाही, याचं मोल मला फार पुढे कळलं.

अकरावीचं वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं होतं. प्रवरेचं पात्र उघडं पडलं, वर्गातली कितीतरी पोरं येईनाशी झाली. सरांचे आई-वडील तिकडे तिसगावच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. सर शनिवारी शाळा सुटली की गावी जायचे आणि सोमवारी परत यायचे. सोमवारी त्यांचा आवाज खडीच्या धुळीनं नेहमी बसलेला असायचा. रविवार गेला म्हणून त्यांनी माझ्यासाठी बुधवारची संध्याकाळ धरली. आई त्यांना बळंच जेवायला बसवायची. "मास्तर, घरी जाऊन काय करून खानार तुमी? बसा," असं म्हणून ताट पुढे सरकवायची. तोवर ती त्यांच्याशी मोकळी बोलायला लागली होती.

मॅट्रिकच्या, म्हणजे तेव्हाच्या अकरावीच्या, परीक्षेचं केंद्र श्रीरामपूरला होतं. मी सांगायचं आणि दुसऱ्या कुणी लिहायचं, याची परवानगी हेडमास्तरांनी खटपट करून मिळवली होती. लिहिणारी मुलगी खालच्या वर्गातली लागे, म्हणून मैत्रिणीची धाकटी बहीण, नववीतली, माझ्याबरोबर आली. गणिताच्या पेपरला सर स्वतः फळी घेऊन दारापर्यंत आले. पण केंद्रावरच्या पर्यवेक्षकांनी फळी आत नेऊ दिली नाही. असली वस्तू त्यांनी कधी पाहिली नव्हती आणि नियमात तिचा उल्लेख नव्हता. सरांनी थोडी हुज्जत घातली, मग माझ्यासमोर भांडण नको म्हणून थांबले.

"फळी नसली तरी चालेल," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "बाकावर हात ठेव आणि मधला खिळा कुठे आहे ते आधी ठरव. मग पुढचं सगळं तुला येतंय."

आलेखाचा प्रश्न आला. दोन क्ष अधिक य बरोबर चार, आणि क्ष वजा य बरोबर पाच. मी बाकाच्या लाकडावर एक जागा मनात धरली आणि तिच्यापासून बोटांनी मोजत प्रत्येक रेघेचे तीन-तीन बिंदू सांगितले. ती मुलगी कागदावर ठिपके देत होती. पर्यवेक्षक आमच्या मागेच उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांना शंका असणार की लिहिणारीच उत्तर सांगते आहे.

पहिली रेघ झाली. दुसरीला ती थांबली. "आक्का," ती घाबरून म्हणाली, "ह्यो एक ठिपका वळीत बसंना."

 मी विचारलं, "कुठला?"

"शेवटचा. दोन आन् उणे तीन."

"तो कुठं दिलास?"

"दोन घरं उजवीकडं. तीन वर."

"उणे आहे ना? खाली जा."

पेन्सिल थांबली. खोडरबर घासल्याचा आवाज आला. मग पट्टी ठेवल्याचा, आणि मग सरळ, लांब ओढलेल्या रेघेचा. "बसला," ती म्हणाली. मी बाकावर बोट फिरवून सांगितलं, "दोन्ही रेघा मिळतात तिथं लिही, क्ष बरोबर तीन, य बरोबर उणे दोन." ती म्हणाली, "व्हय, तितंच मिळाल्यात."

मागून पर्यवेक्षक पुढे आले. त्यांनी कागद उचलून पाहिला असावा. कागद परत ठेवताना ते हळूच म्हणाले, "सावकाश सोडव पोरी. वेळ आहे." आणि पेपर संपेपर्यंत ते पुन्हा आमच्या मागे उभे राहिले नाहीत.

आम्ही दोघी पास झालो. त्या आलेखाला किती मार्क पडले ते मला कधी कळलं नाही. मैत्रीण पुढे नर्स झाली आणि सोनईकडे तिला सासर मिळालं. सर यथावकाश त्यांच्या बाजूला बदलून गेले. पण जाण्याआधी नगरला चार ठिकाणी चकरा मारून, माझ्यासारख्या मुलीला कुठलं कॉलेज घेईल आणि कुठलं वसतिगृह ठेवून घेईल हे त्यांनी शोधून काढलं. मी शिकले, नगरच्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझ्या पगारावर माझं घर चाललं. सुताराचं मात्र एक राहून गेलं. त्यानं नीट केलेल्या फळीनं मला काय दिलं ते मी त्याला कधी भेटून सांगितलं नाही, तो फार लवकर गेला.

वसतिगृहात मला सोडायला आई आणि आबा दोघं आले होते. आबांना संध्याकाळच्या आत बैलांकडे परतायचं होतं. आईनं त्यांना पुढं धाडलं आणि ती मागे राहिली. तिनं माझा हात धरून मला खोलीपासून नळापर्यंत नेलं, नळापासून जेवणघरापर्यंत, तिथून संडासापर्यंत आणि परत खोलीत. मग पुन्हा तसंच. मग म्हणाली, "आता तू मला ने." मी तिला नेलं. एका वळणावर मी चुकले तर ती काही बोलली नाही, मीच भिंत चाचपून परत फिरले. खोलीत आल्यावर ती म्हणाली, "जमलं की गं. आता मी जाते."

तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून उतरून गेला. खोलीतल्या मुली माझ्याशी बोलायला लागल्या, कुणी गाव विचारलं, कुणी पेरू दिला. बऱ्याच वेळानं खिडकीपाशी उभ्या असलेल्या एकीनं मला विचारलं, "फाटकाशी हिरव्या लुगड्यातली बाई उभी आहे, ती तुझी आई का? ती अजून गेली नाहीये." मी खिडकीशी गेले आणि आई जिकडे असेल असं वाटलं तिकडे हात हलवला. ती मुलगी म्हणाली, "थोडा डावीकडे." मी डावीकडे वळून हलवला. "आता बरोबर," ती म्हणाली. "ती पण हलवतेय."